जवसाच्या तेलातली नावं

परवा धरमपेठेत एका लग्नाला गेलो. कार्यालयाच्या दाराशी नवरा-नवरीचा हा एवढा मोठा फोटो, फ्लेक्स का काय म्हणतात त्याच्यावर छापलेला. नवरीची नथच माझ्या तळहाताएवढी. मी जवळ गेलो, बोटानं चाचपून पाहिलं आणि सवयीनं बोट नाकाशी नेलं. कशाचाच वास नाही. सून मागून दबक्या आवाजात म्हणाली, "बाबा, काय करून राहिले? लोक पाहून राहिले ना!" पाहू देत. जन्मभर रंगाचा वास घेऊन तो ओला की वाळला ते सांगत आलो, आता या वयात माझं नाक कोण सुधारणार? पण आत गरम बुंदी होती, म्हणून फारसा वाद न घालता गेलो.

बुंदी चांगली होती. जीव मात्र दाराशीच अडकून राहिला.

मी पेंटर होतो. प्रदर्शनं भरवणाऱ्यातला नाही, बोळीतला. इतवारीच्या मागच्या अंगाला विणकरांच्या वस्तीत आमचं घर, आणि घराची पुढची पडवी म्हणजे दुकान. माझं खरं नाव तिथं कोणाला ठाऊक नव्हतं. लहान-थोर सगळे 'पेंटर' म्हणायचे. आईसुद्धा चिडली की म्हणायची, "पेंटरसाहेब, आंघोळ करता का आता? का तारपिनानंच भागते?" सकाळी बोळीतला पहिला आवाज मागांचा. खट-खटाक, खट-खटाक. त्या ठेक्यावर माझा हात चालायचा, ओळ सरळ यायची. माग बंद असले त्या दिवशी माझा 'र' वाकडा यायचा. हे सांगितलं की लोक हसायचे. हसोत बापडे, खरं आहे ते.

कामं म्हणाल तर येईल ते. सायकलच्या मडगार्डवर मालकाचं नाव, वखारीची पाटी, दवाखान्यातलं 'येथे थुंकू नये'. हे शेवटचं मी एकाच दवाखान्यात चारदा लिहिलं, कारण लोक नेमके त्याच्यावरच थुंकायचे. हिवाळ्यात संत्र्यांच्या पेट्या. पत्र्यात व्यापाऱ्याचं चिन्ह कापायचं, तो पत्रा पेटीवर धरायचा आणि वरून काळा रंग मारायचा. दिवसभर तेच. बोटांना तारपीन, अंगाला संत्रं. त्या महिन्यांत वरणभातसुद्धा मला संत्र्याचा लागायचा.

एकदा भिवापूरचा एक मिरचीवाला आला. त्यानं खिशातून एक मिरची काढून माझ्यापुढे ठेवली. "पाटीले हा लाल पायजे. दुसरा लाल चालत नाही." मी रंग कालवायचो, तो मिरची शेजारी ठेवायचा आणि मान हलवायचा. "जमला, पण तिखट नाही आला." आता काय बोलणार? दुपार टळली तशी मी वैतागून ती मिरची मोडली, त्याच हातानं डोळा चोळला आणि बोंबलत मोरीकडे धावलो. परत आलो तर हा पाटीकडे पाहून खूश. "आता आला!" रंग तोच होता हो. मला अजून वाटतं, त्यानं माझा डोळा पाहिला असणार.

पोळा जवळ आला की पडवीत लाकडी नंदीबैलांची गर्दी व्हायची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा पोळा. त्या दिवशी पोरं चाकावरचे नंदी सजवून मिरवतात. नवे नंदी रंगवणं सोपं. बाया जुने घेऊन यायच्या, ते जड जायचं. एक कान तुटलेला, शेपूट उंदरानं खाल्लेलं. "नवा घ्या ना बाई," म्हटलं तर, "नाही गा भाऊ, पोरगं म्हणते हाच पायजे." मग लाखेनं कान चिकटवा, आणि तो कान चिकटवताना उगीच गहिवरून या. मी रागीट म्हणून बोळीत प्रसिद्ध होतो, पण तुटक्या कानाच्या नंदीपुढे माझं काही चालायचं नाही.

दसऱ्याच्या आधी पलीकडच्या वस्तीतल्या विहाराचं बोलावणं यायचं. छप्पन साली दीक्षा घेतलेली घरं ती. भिंतीवर बुद्ध काढायचा होता. एक म्हातारे गृहस्थ रोज माझ्यामागे सतरंजीवर येऊन बसत. सगळं पसंत पडलं, डोळे पडेनात. "उघडे नाही पायजे, मिटलेले बी नाही पायजे. मधातले पायजे." त्या मधातल्या डोळ्यांनी माझे आठ दिवस खाल्ले. नवव्या दिवशी त्यांनी हात जोडले. मला जोडले असं समजून मीही जोडले, तर ते भिंतीकडे पाहत होते. असा अपमान रोज झाला तरी चालेल.

पण वर्षाचं खरं काम उन्हाळ्यातलं, लग्नाच्या भिंतींचं. लग्न निघालं की घराची दर्शनी भिंत चुन्यानं पांढरी करायची आणि पेंटरला बोलवायचं. दारावर गणपती, दोन्ही बाजूंना भाला घेतलेले दारपाल, हत्ती, केळीचे खांब, पोपट. मध्ये 'शुभविवाह' आणि खाली नवरा-नवरीची नावं. रंग पुडीचे, हाडाकातड्याच्या सरसात कालवलेले. सरस उकळताना जो वास सुटतो त्यानं भुकेला माणूस जेवण सोडेल. पण त्या वासात ओला चुना मिसळला, त्यात आतून हळदीचा आणि तळणाचा वास आला की झालं, लग्नघर तयार. हे रंग कच्चेच असत. पावसाळ्यात आपसूक धुऊन जात, घरात पुढचं लग्न निघालं की भिंत नव्यानं रंगे. रीतच तशी होती, आणि रीत शहाणी होती. शहाणपणा कमी पडला तो माझा.

आमच्या समोरच्या घरात बापूराव राहायचे. मी त्यांना काकाजी म्हणायचो. घरात दोन माग, एकावर ते स्वतः बसत. बोलणं कमी. रागावले की त्यांचा माग थांबायचा, आणि तेवढ्यानं अख्ख्या बोळीला कळायचं. त्यांची थोरली मुलगी नलिनी, आमची नलू. ती ओट्यावर चरखा घेऊन मागासाठी कांड्यांवर सूत भरत बसायची. हात कामात, तोंड मोकळं. माझं प्रत्येक चित्र आधी तिच्या तोंडून पास व्हावं लागे.

"पेंटरभाऊ, हा हत्ती हाय का डुक्कर?"

"हत्ती हाय वं! सोंड दिसत नाही काय?"

"सोंड दिसते. हत्तीच नाही दिसून राहिला."

मी तणतणत पुसायचो, आणि दुसरा हत्ती पहिल्यापेक्षा बरा यायचा. हे मी तिला कधी सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं.

नलूचं लग्न ठरलं. भिंत कोण रंगवणार हा प्रश्नच नव्हता. पण त्याच्या पंधरा दिवस आधी खाप्याला माझी अब्रू गेली होती. तिथल्या एका लग्नघराची भिंत मी तीन दिवस खपून रंगवली, आणि ऐन लग्नाच्या पहाटे अवकाळी पाऊस कोसळला. वरात दाराशी आली तेव्हा गणपतीची सोंड ओघळून उंदरापर्यंत पोचली होती आणि दारपालाच्या पागोट्याचा लाल रंग त्याच्या दाढीत उतरला होता. वऱ्हाडी पोट धरून हसले. नवरीची आत्या अपशकुन झाला म्हणून रडायला बसली. मी तोंडाला दुपट्टा गुंडाळून मागच्या वाटेनं एसटी गाठली.

नलूच्या भिंतीचं असं होऊ द्यायचं नाही, हे मी त्या एसटीतच ठरवलं. सरस नको, तेल. आमच्या विदर्भात जवसाचं तेल स्वयंपाकात. तेच चांगलं उकळून रंगात घातलं की वाळल्यावर दगड होतं. आईच्या चुलीमागची बरणी मी दोन दिवसांत तळाला नेली. आई ओरडली, "भाजीले आता तुहा रंग घालू काय रे?" मी ऐकतोय कशाला! भिंतही सुकी, जुना चुना खरवडून तयार केलेली. आठ दिवस मी त्या शिडीवर राहिलो. हत्ती असे आले की नलूनं दोन्ही बाजूंनी पाहिले आणि म्हणाली, "आता हाय हत्ती." शेवटी नावं लिहिली. उजवीकडे चि. प्रभाकर, डावीकडे चि. सौ. कां. नलिनी. तिचं नाव लिहीत होतो तेव्हा ती पहिल्यांदाच काही बोलली नाही. चरखा तसाच टाकून आत गेली. मला वाटलं, लाजली. एवढा आनंद मला आयुष्यात कोणत्याही बक्षिसानं दिला नसता.

आणि माझी मिजास! येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून मी भिंतीवर बादलीभर पाणी फेकून दाखवायचो. "पाहा, टिपूस निघत नाही."

लग्नाला सहा दिवस उरले आणि ते मोडलं. काहून मोडलं ते मी सांगत नाही. बोळीत जेवढी घरं तेवढी कारणं होती, आणि त्यातलं एकही नलूनं सांगितलेलं नव्हतं.

संध्याकाळी काकाजी माझ्या पडवीत आले. उभेच राहिले. "पेंटर, भिंत साफ करून दे गा." एवढंच म्हणाले आणि गेले.

नेहमीची भिंत असती तर ओल्या फडक्यानं घटकाभरात निघाली असती. आजचा फ्लेक्स असता तर दोन खिळे उपटून गुंडाळून टाकला असता. मी चुन्याची बादली घेऊन गेलो. ओल्या चुन्यातून आरपार दिसतं, वाळला की तो पांढरा होतो, म्हणून मी कुंचला मारून वाट पाहत बसलो. पांढरा झाला खरा. मग उन्हानं त्याचे पोपडे सुटले, आणि दुपारपर्यंत गणपती, हत्ती, प्रभाकर, नलिनी, सगळे एकेक करून बाहेर आले. दुसऱ्या दिवशी सोडा लावून घासलं, तर रंग आणखी चमकला. तिसऱ्या दिवशी लोखंडी पत्र्यानं प्रभाकरला खरवडायला घेतलं. रंगाबरोबर मातीचं पलस्तर सुटलं, खड्डा पडला, आणि खड्ड्याचा आकार कसा? तर प्रभाकर. आता आंधळ्यालाही बोटानं वाचता आलं असतं. मी पत्रा टाकून घरी आलो. जेवलो नाही. आईनं ताट झाकून ठेवलं.

पावसाळा आला. बोळीतल्या बाकीच्या लग्नाच्या भिंती धुऊन गेल्या, नलूची तेवढी उजळून निघाली. मी पडवीत बसायचो तो भिंतीकडे पाठ करून. काकाजी घराबाहेर पडत ते खाली मान घालून. बायका पाण्याला जाताना थांबत, वाचत, आणि एकमेकींकडे पाहत. वाचता न येणाऱ्याही थांबत! नलू ओट्यावर दिसेना. तिच्या आंदणात द्यायला घेतलेली शिलाई मशीन घरातच राहिली होती, ती मात्र आतून ऐकू यायला लागली. मागाच्या खट-खटाकमध्ये तिची घरघर. आधी पोरींचे फ्रॉक, मग बायांची पोलकी, आणि दिवाळीपर्यंत वस्तीतल्या चार-पाच मुली दुपारी तिच्याकडे शिकायला यायला लागल्या. त्या आत गेल्या की हसण्याचा आवाज यायचा. त्यात नलूचा असायचा का, हे मी कान देऊन ऐकायचो.

तुळशीचं लग्न झालं आणि नलूला पाहायला पाहुणे येणार असं कळलं. त्या सकाळी काकाजींनी मागावरून उतरलेलं नवं कोरं लुगडं घेतलं आणि वाळत घालावं तसं भिंतीवरून सोडलं. मी समोरूनच पाहत होतो. उघडं वागायची सवय असलेला माणूस लपवाछपवी करायला गेला की किती केविलवाणा दिसतो! लुगड्याचं टोक ते चारदा नीट करत होते.

पाहुणे आले. चहा झाला असेल नसेल, तोच त्यांच्यातली एक बाई ओट्यावर पान लावायला आली. तिनं लुगडं दोन बोटांनी उचललं, वाकून वाचलं आणि आत पाहून मोठ्यानं विचारलं, "हा प्रभाकर कोण वं?"

थोड्या वेळानं पाहुणे चपला घालून निघाले. काकाजी त्यांच्यामागे कोपऱ्यापर्यंत गेले आणि एकटे परतले. त्या दिवशी माग चालला नाही. मला वाटलं, हे सगळं माझ्या हातानं झालं. एका मुलीचं आयुष्य मी तेलात कालवून भिंतीवर वाळत घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या दारात उभा राहिलो. "काकाजी, माही चूक हाय. अख्खं पलस्तर फोडतो. नवी भिंत करून देतो."

ते मागावर बसलेले. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "फोड."

मी शिडी लावली, छिन्नी-हातोडा घेतला. माझ्या डाव्या हाताशी नलिनी होती, तिच्यापासूनच सुरू करणार होतो. पहिला ठोका पडला आणि आतली मशीन थांबली. नलू बाहेर आली. गळ्यात मोजमापाची फीत तशीच.

"थांबा भाऊ. काय करून राहिले?"

"भिंत फोडून राहिलो वं. नावं काढतो."

"कोणाची?"

"दोन्ही."

"त्याचं काढा. माहं काहून काढता? म्या काय केलं?"

मी हातोडा धरून तसाच. सहा महिने मी, काकाजी, आई, सारी बोळ, आम्ही सगळे दोन्ही नावं पुसायच्या मागे लागलो होतो. त्यातलं एक या घरचं होतं, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझी मला इतकी लाज वाटली की विचारू नका.

"लोक काय म्हणतीन वं?" मी आपलं काहीतरी बोललो.

"लोक तर उन्हाळ्यापासून म्हणूनच राहिले. थांबले काय?" ती भिंतीजवळ आली. "नावाच्या आधीचं ते चि. सौ. कां. काढा. नुसतं नलिनी राहू द्या. दारपाल बी राहू द्या, हत्ती बी. चांगले हायेत."

"अन् त्या खड्ड्याचं काय करू? नुसता भरला तर डाग दिसन. त्याच्यावर काहीतरी लिहा लागन."

एवढ्यापुरताच विचार करून बाहेर आली होती बिचारी. फीत बोटाला गुंडाळत राहिली. पाण्याला निघालेल्या दोघी-तिघी घागरी घेऊन थांबल्या होत्या.

तेवढ्यात आतला माग थांबला.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मी शिडीवरून एक पायरी खाली उतरलो, उगाच. काकाजी दारात आले. केसांत, भुवयांवर सुताचे पांढरे तंतू. ते ओट्यावरून खाली उतरले, बोळीच्या मध्यावर गेले आणि वळून भिंतीकडे पाहिलं. लग्न मोडल्यापासून त्यांना मी त्या भिंतीकडे मान वर करून पाहताना पाहिलं नव्हतं. त्यांनी सगळी भिंत पाहिली. गणपती, हत्ती, खड्डा, आणि मग पोरीचं नाव. नाव पुष्कळ वेळ पाहिलं.

"पेंटर."

"जी, काकाजी."

"लिही. इथं शिवणकाम शिकवल्या जाते."

मी मान हलवली.

"अन् मोठं लिही गा," ते म्हणाले. "चौकातून दिसलं पायजे."

नलू पुढे झाली आणि बापाच्या भुवईवरचं सूत काढायला लागली. ते लहान पोरासारखे डोळे मिटून उभे राहिले. मी भिंतीकडे तोंड फिरवलं. पेंटरला तेवढी एक सोय असते.

खड्डा भरला, आठ दिवस वाळू दिला. मग हातभर उंचीची अक्षरं काढली. तेवढी मोठी मी तोवर एकाही दुकानाला काढली नव्हती. शेवटच्या अक्षराची मात्रा ओढली, ब्रश डब्यात उभा केला आणि तसाच रंगल्या हातांनी चौकात गेलो. पानठेल्याच्या पलीकडे उभा राहून पाहिलं. दिसत होतं. रस्ता ओलांडला आणि पुन्हा वळून पाहिलं. तरी दिसत होतं.